जरा हवा मारा

इतरांच्या सासुरवाडीला जावयाला मान असतो. माझ्या सासुरवाडीला मला पंप असतो. सायकलचा, उभा, पावलं पट्टीवर रोवून दोन्ही हातांनी दाबायचा. अधिक महिन्यात लोकांच्या जावयांना अनारसे आणि चांदीची वाटी मिळते. मला कारखान्यातले कामगार कानांवर चढवतात ते जाडजूड मफ मिळाले. चांगले तबकात, खाली केळीचं पान, शेजारी निरांजन. "दादानं खास तुमच्या मापाचे आणलेत," असं सांगताना बायकोचा कंठ दाटून आला होता.

दादा म्हणजे बायकोचे थोरले बंधू. वयानं, मानानं आणि आवाजानं मोठे. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी हयातभर दुसऱ्यांची इंजिनं तपासली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचं एक करायला घेतलं. निवृत्त माणसं साधारणपणे भजनी मंडळात जातात, हास्यक्लबात विनाकारण हसतात किंवा सोसायटीचे जुने हिशेब उकरून शेजाऱ्यांशी भांडतात. दादांनी जेट इंजिन करायचं ठरवलं. त्यातलंही पल्स जेट.

"भाऊजी, यात फिरणारा एकही भाग नाही," ते म्हणाले. "पिस्टन नाही, क्रँक नाही, पंखा नाही. एक नळी फक्त. बिघडायला काही नाहीच!"

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत. ज्यात बिघडण्यासारखं काही नसतं त्यात दुरुस्त करण्यासारखंही काही नसतं, हे मला ठाऊक आहे. पण थोरल्या मेहुण्यापुढे माणूस मान डोलावतो. मी डोलावली आणि हवाखात्याचा प्रमुख झालो.

तत्त्व खरोखरच सोपं आहे. पुढे डोकं, मागे लांब शेपटी. डोक्यात पातळ पोलादी पाकळ्यांची झडप. हवा आणि पेट्रोलची वाफ आत शिरते, ठिणगी पडते, स्फोट होतो. त्या दाबानं पाकळ्या मिटतात आणि तापलेला वायू शेपटीतून बाहेर पळतो. तो इतक्या जोरात पळतो की मागे पोकळी ठेवून जातो. मग पाकळ्या उघडतात, ताजी हवा आत येते, शेपटीतला थोडा गरम वायू काहीतरी विसरल्यागत माघारी फिरतो आणि पुढचा स्फोट होतो. एकदा का हे चक्र लागलं की ठिणगीसुद्धा लागत नाही. या आकाराच्या इंजिनात सेकंदाला दोनशेच्या वर स्फोट होतात, असं पुस्तक म्हणतं. आमच्याकडे सेकंदाला एक व्हायचा, तोही एखाद्याच सेकंदाला.

दादांना कुणी "पण याचा उपयोग काय?" असं विचारलं की ते इतिहासात शिरतात, आणि तिथून त्यांना बाहेर काढणं फार अवघड. 1909 साली जॉर्ज मार्कोने नावाच्या फ्रेंच माणसानं अशा नळीची कल्पना मांडली. मग म्युनिकचा पॉल श्मिट वर्षानुवर्षं तिच्या पाठीस लागला. शेवटी बर्लिनच्या आर्गुस कंपनीनं ती नळी व्ही-1 या उडत्या बॉम्बच्या पाठीवर चढवली आणि 13 जून 1944 च्या पहाटे ती फटफटत लंडनवर पोचली. आवाज येतोय तोवर ठीक, तो थांबला की टेबलाखाली शिरायचं, हे लंडनकर तेव्हा शिकले. म्हणजे दादांच्या इतिहासात या इंजिनाचा भरघोस उपयोग एकदाच झाला, आणि झाला नसता तर बरं झालं असतं.

"ते सोडा," दादा म्हणतात. "युद्धानंतरचं बघा." युद्धानंतर अमेरिकेतल्या इंडियानात डायनाजेट नावाचं छोटेखानी पल्स जेट हौशी लोकांसाठी विकलं जायचं. लाल डोक्याचं, हातभर लांब, वजन जेमतेम अर्धा किलो, जोर दोन किलोच्या आसपास. लोक ते खेळण्यातल्या विमानाला लावायचे आणि तारेच्या टोकाशी गरगरा फिरवायचे.

"अर्धा किलोचं इंजिन दोन किलो ढकलतं, भाऊजी! तुमचं वजन किती?"

"शहात्तर."

दादांनी मनातल्या मनात भागाकार केला, माझ्याकडे पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाले, "संध्याकाळचा भात कमी करा."

पहिला प्रयोग वहिनींच्या स्वयंपाकघरात झाला. काचेच्या बरणीच्या झाकणाला भोक पाडायचं, तळाशी चमचाभर स्पिरिट टाकायचं आणि काडी दाखवायची. बरणी श्वास घेतल्यासारखी धपधपते. फ्रान्स्वा रेनस्ट या संशोधकानं या प्रकाराचा फार खोलात अभ्यास केला होता. त्याच्या घरच्यांनी त्याला बरणी कशी दिली असेल ते त्यांनाच माहीत. दादांनी निवडलेल्या बरणीत सकाळपर्यंत गुळांबा होता. बरणी खरंच धपधपली, खालून निळी झाली, आम्ही दोघं टाळ्या पिटणार तेवढ्यात टक् करून तडकली. वहिनी दारात उभ्या होत्या.

"गुळांबा कुठाय?"

"भाऊजींनी संपवला," दादा म्हणाले.

त्या दिवसापासून वहिनींनी माझ्या पानात गोड वाढणं बंद केलं आहे.

पुढचा टप्पा पत्र्याचा. दादांनी भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरला गाठलं. मी सोबत, कारण नकाशाची गुंडाळी धरायला कुणीतरी लागतं. तो माणूस मोठा सज्जन. नकाशा त्यानं आडवा धरला, उभा धरला, मग विचारलं, "कुठल्या गाडीचा सायलेन्सर हाय?"

"सायलेन्सर नाही. इंजिन आहे."

"बरं. मग इंजिन कुठंय?"

"हेच इंजिन."

"आन् सायलेन्सर?"

"याला सायलेन्सर नसतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. घरातलं शहाणं माणूस कोण, हे तो ताडत होता. मी गुंडाळीमागे तोंड लपवलं. पण नोटा दिसल्यावर त्यानं पोराला हाक मारली, पोरानं पत्र्याला रोल मारला, टिग वेल्डिंगनं टाके घातले आणि संध्याकाळी चकचकीत स्टेनलेसचा एक ऐवज आमच्या हाती आला. परतीच्या बसमध्ये शेजारच्या आजोबांनी तो बंब समजून किमतीची चौकशी केली. दादांनी त्यांना मार्कोनेपासून सुरुवात करून सांगितलं. आजोबा पुढच्याच थांब्यावर उतरले, आणि तो त्यांचा थांबा नव्हता असा मला दाट संशय आहे.

पाकळ्यांचं पोलाद मात्र महिनोन्‌महिने मिळेना. जाडी हवी कागदापेक्षा थोडीच जास्त, मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढी, आणि स्प्रिंगचा गुण असलेलं. पुण्याच्या जुन्या बाजारात माणसाला काय मिळत नाही? आम्हाला रेडिओचे व्हॉल्व्ह मिळाले, एका पायाचा ट्रायपॉड मिळाला, घड्याळाचे लंबक मिळाले. दर रविवारी दादा नवीन काहीतरी घासाघीस करून घेत आणि "याचा पुढे उपयोग होईल" म्हणत. पोलाद अखेर निघालं नाना पेठेतल्या एका गॅरेजवाल्याकडच्या जुन्या फीलर गेजच्या पात्यांतून. ज्या वस्तूनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या फटी मोजल्या तिच्याच नशिबी आता फट उघडणं-मिटणं आलं, असं दादा भावुक होऊन म्हणाले. निवृत्त माणसाला असं काहीही लागून जातं.

पेट्रोल माझ्या स्कूटरचं. हे मला चांदणी चौकात कळलं.

पहिली चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. पाटाला दोन क्लॅम्पनी इंजिन आवळलेलं, शेजारी कॉईल, बॅटरी आणि वाळूची बादली. बादली वहिनींच्या आग्रहावरून होती. दादांचा एक हात ठिणगीच्या बटणावर, दुसरा पेट्रोलच्या सुईवर. मी पंपावर. पंपाची हवा तोंडाशी फवारली की पेट्रोल वर ओढलं जातं, एवढीच या यंत्राची मेहरबानी. बाकी सगळं जावयानं करायचं.

"मारा हवा!"

मी मारली.

"फट्," इंजिन म्हणालं.

"आलं, आलं! अजून हवा!"

"फट्. फटफट्. फुस्स."

"तुमची हवा तुटतेय, भाऊजी. एकसारखी द्या."

इथे वाचकांनी साठीच्या जवळ आलेल्या, पोट सुटलेल्या, पट्टा चष्म्याला आणि पट्टा कमरेलाही लावणाऱ्या गृहस्थानं एकसारखी हवा द्यायची म्हणजे काय याची कल्पना करावी. वर जाताना माझी हवा जायची आणि खाली येताना पंपाची. बघता बघता प्रेक्षक जमले. आपल्याकडे बंद पडलेल्या यंत्राभोवती जमलेल्या माणसांत बघ्या असा कुणी नसतोच, सगळे सल्लागार. एकानं प्लग गरम करायला सांगितलं. दुसऱ्यानं प्लग गार करायला सांगितलं. ज्यांच्याकडे आजवर सायकलसुद्धा नव्हती ते तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "थोडं तिरकं करून किक मारा. माझ्या साडूची लॅम्ब्रेटा अशीच व्हायची." दादांनी किक नसते हे सांगितल्यावर ते दुखावले आणि निघून गेले. थोड्या वेळानं गॅलरीतून पुन्हा सल्ले देऊ लागले.

मग सेक्रेटरी आले. हातात कागद.

"निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे."

"पण ते चालूच होत नाहीये," मी धापा टाकत म्हणालो.

"झालं तर किती डेसिबल होईल?"

"एकशे तीस," दादा अभिमानानं म्हणाले. खोटं बोलायची एवढी चांगली संधी मी दुसऱ्या कुणाला दवडताना पाहिलेली नाही.

हेच सेक्रेटरी विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर डोक्याला रुमाल बांधून नाचतात. पण तो आवाज श्रद्धेचा, हा आवाज संशयाचा. दादांना लेखी नोटीस मिळाली. त्यात "पार्किंगमध्ये अनधिकृत जेट" असा शब्दप्रयोग होता. दादांनी ती नोटीस फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे, कारण आपल्या नळीला जेट म्हणणारे सेक्रेटरी हे पहिलेच.

तेव्हा सगळा फौजफाटा सासवडजवळच्या आमच्या एका नातलगाच्या अंजिराच्या बागेत हलला. इथे डेसिबल मोजायला कुणी नव्हतं. फक्त बांधापलीकडचे एक शेतकरी येऊन बसायचे, तंबाखू मळायचे आणि अर्ध्या तासानं एकदा विचारायचे, "आज तरी व्हतंय का?" हा प्रश्न ते दर खेपेला इतक्या निर्मळ सहानुभूतीनं विचारायचे की घरात कुणी आजारी असावं असं वाटायचं.

आणि एका दुपारी झालं.

काय वेगळं घडलं ते सांगता येत नाही. तीच सुई, तीच ठिणगी, तीच माझी तुटणारी हवा. फट् झालं, फटफट् झालं आणि मग कुणीतरी आभाळाएवढं कापड डोक्यापासून पायापर्यंत टराटरा फाडत सुटावं तसा आवाज आला. तो कानानं ऐकायचा आवाज नव्हेच. तो छातीत, दातांत आणि नुकत्याच बसवलेल्या माझ्या कवळीत ऐकू येत होता. नळी काळी पडली, मग तांबूस झाली, मग चक्क लाल. दादांनी ठिणगीची वायर उपटून हवेत फिरवली, म्हणजे बघा, ठिणगीशिवाय चालतंय! मी मात्र पंप मारतच होतो. कुणी थांब म्हटलं असेल तर ऐकू येण्याची सोय नव्हती. अधिक महिन्याचे मफ मी चढवले होते, कारण वहिनींनी तशी शपथ घातली होती. दादांनी चढवले नव्हते. ते ओरडून मला काहीतरी सांगत होते, मीही ओरडून उत्तर देत होतो, आणि दोघांनीही एकमेकांचं म्हणणं एरवीपेक्षा जास्त मनापासून मान्य केलं.

मग एकदम शांतता. पाकळ्या जळल्या होत्या. एवढं पातळ पोलाद आगीच्या दारात सेकंदाला दोनशे वेळा आपटत राहिल्यावर आणखी काय होणार? मोठमोठ्यांच्या पाकळ्या काही मिनिटांत जातात. आमच्या त्याआधीच गेल्या.

बांधावरचे शेतकरी उठले, जवळ आले, लाल नळीकडे बराच वेळ बघत राहिले. दादा छाती काढून उभे. आता कौतुक होणार.

"यानं रानडुकरं पळतील का?"

दादांचा चेहरा पडला. पण मला विचाराल तर हा त्या इंजिनाला मिळालेला पहिला प्रामाणिक ग्राहक होता. दादांनी वर्षभर केलेली गोष्ट काय कामाची, हे त्या माणसानं एका नजरेत ओळखलं. तिनं पळवता येतं. डुकरांना, शेजाऱ्यांना, बसमधल्या आजोबांना.

चित्रीकरणाची जबाबदारी भाच्याकडे होती. त्यानं सगळं व्यवस्थित घेतलं होतं, फक्त मोबाईलचा कॅमेरा उलट्या बाजूचा लागल्यामुळे पूर्ण वेळ पडद्यावर भाचा आहे. भुवया उंचावलेला, मागे धूर. मोबाईलला तो आवाज पेलला नाही. त्यानं त्याची बारीकशी घरघर करून ठेवली. दादांनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. नागपूरच्या मावशींचा निरोप आला, "मिक्सर बदलून घ्या, वॉरंटीत असेल." खालोखाल सात अंगठे.

दादा यानं खचणारे नाहीत. त्यांच्यापुढे आदर्श मोठे आहेत. इंग्लंडात कॉलिन फर्झ नावाचा एक माजी प्लंबर आहे. त्यानं 2014 साली डोव्हरच्या कड्यावर अवाढव्य पल्स जेट उभं केलं, त्याला एका भल्या थोरल्या पार्श्वभागाचा आकार दिला, त्याचं तोंड समुद्रापलीकडच्या फ्रान्सकडे केलं आणि सुरू केलं. ज्या देशात या नळीची कल्पना मांडली गेली त्या देशाचे आभार मानण्याची ही इंग्रजी रीत असावी. दादांनी ही बातमी सगळ्यांना वाचून दाखवली. वहिनी म्हणाल्या, "सासवडवरून तसलं काही केलंत तर मी माहेरी जाईन." दादांनी नकाशावर वहिनींचं माहेर सासवडच्या कुठल्या दिशेला येतं ते पाहिलं, तेव्हा मी विषय बदलला.

नव्या पाकळ्यांचा शोध चालू असतानाच पावसाळा आला, डास आले, डेंग्यूच्या बातम्या आल्या आणि एका संध्याकाळी गल्लीत महापालिकेचा धूरवाला आला. खांद्याला पट्ट्यानं लटकवलेलं लांबुळकं यंत्र, पुढे नळी, नळीतून पांढरा लोट, मागे पोरांचा घोळका. हे आपण सगळे वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. खिडक्या धडाधड लागल्या. दादा मात्र गॅलरीत कान टवकारून उभे राहिले, आणि पुढच्या क्षणी घरातल्याच स्लिपर घालून जिन्यावरून धावले. मी त्यांच्यामागे, सवयीनं पंप घेऊन.

ते पल्स जेट होतं. मी अतिशयोक्ती करणारा माणूस आहे, पण हे अगदी खरं आहे. धूर फवारणीची ती यंत्रं, जर्मनीचं प्रसिद्ध स्विंगफॉग धरून, याच तत्त्वावर चालतात. आत पेट्रोलचे स्फोट, लांब शेपटी, आणि शेपटीच्या टोकाशी डिझेलमध्ये कालवलेलं औषध सोडलं की गरम वायूनं त्याचं धुकं होतं.

दादांनी त्या तरुणाला थांबवलं. त्यानं यंत्र बंद केलं.

"पुन्हा चालू करून दाखवाल?" दादांचा आवाज थरथरत होता.

त्यानं हातपंपाच्या मुठीला चार ठोके दिले, बटण दाबलं. घर्रर्र. चालू.

"एकदाच?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकाच वेळी लागतं? रोज?"

"काका, दिवसाला सहा गल्ल्या असतात. एका वेळी नाही लागलं तर साहेब बोलतात." त्यानं माझ्या हातातल्या सायकलच्या पंपाकडे बघितलं आणि अदबीनं विचारलं, "पंक्चर आहे का काका?"

त्यानं दादांना पाकळी उघडून दाखवली, काजळी कशी खरवडायची ते सांगितलं, सुई किती आटे सोडायची तेही सांगितलं. मार्कोने, श्मिट, आर्गुस यांतलं एकही नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं. त्या नावांवाचून त्याचं काही अडलेलं नाही. आमच्या सेक्रेटरींनी वरून खिडकी उघडून ओरडून सांगितलं, "अहो, आमच्या विंगच्या मागं पण मारा जरा!" डेसिबलचा कागद त्यांच्या हातात नव्हता.

दादा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही उघडली आणि नवा नकाशा काढला. यात पाकळ्यासुद्धा नाहीत. लॉकवूड-हिलर पद्धतीची इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली नळी, दोन्ही तोंडं मागच्या बाजूला. बिघडायला आता अक्षरशः काहीच उरलेलं नाही. पत्रा जास्त लागेल आणि हवा तर फारच.

तेव्हा वाचकांना एक विनंती. आपल्या ओळखीत कुणाकडे फॉगिंगचं जुनं, चालू स्थितीतलं यंत्र विकाऊ असेल तर आमच्या दादांना कृपया कळवू नका. हवा भरायचा विजेवर चालणारा ब्लोअर असेल तर मात्र मला कळवा. किंमत बघितली जाणार नाही.